लिनक्स टाकताना डिस्कच सापडत नाही? नवी एसएसडी घेण्याआधी बायोसमधली एक ओळ तपासा

पेनड्राइव्ह तयार केला, लॅपटॉप त्यावरून सुरू केला, उबंटूचा इंस्टॉलर उघडला. भाषा निवडली, कीबोर्ड निवडला, वाय-फाय जोडलं. आणि ज्या पानावर ५१२ जीबीची एसएसडी दिसायला हवी, तिथे दिसतो फक्त आपलाच पेनड्राइव्ह. कधी तर तोही नाही, नुसता रिकामा चौकोन. पाच मिनिटांपूर्वी याच लॅपटॉपवर विंडोज व्यवस्थित चालू होतं. मग डिस्क गेली कुठे?

इथे बहुतेकांच्या मनात दोनच शंका येतात. एक तर डिस्क खराब झाली, नाहीतर लिनक्स बेकार आहे. पहिली शंका खिशाला भारी पडते, दुसरी शिकण्याच्या इच्छेला. विंडोज नीट चालत असेल तर सहसा दोन्ही शंका चुकीच्या निघतात. डिस्क जागेवरच असते. तिच्यापर्यंत नेणारा कंट्रोलर मात्र कारखान्यातूनच वेगळ्या मोडवर लावून आलेला असतो आणि लॅपटॉप विकताना ही गोष्ट ग्राहकाला कुणी सांगत नाही. म्हणून मला हा प्रश्न बिघाडाचा कमी आणि माहिती न देण्याचा जास्त वाटतो.

हा प्रश्न आताच का?

पहिलं कारण विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचे, अजून ठणठणीत असलेले लॅपटॉप जवळपास सगळेच अधिकृत यादीबाहेर. सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमधला बिलांचा पीसी असो की सिडकोतल्या घरातला मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप, मशीन भंगारात न काढता सुरक्षित वापरायचं तर लिनक्स हा बिनखर्चाचा पर्याय समोर येतो.

दुसरं कारण अभियांत्रिकीचे विद्यार्थी. नाशिकमधली बरीचशी अभियांत्रिकी महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथल्या कॉम्प्युटर शाखेच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला ‘सिस्टम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टम’ हा विषय आहे. प्रॅक्टिकलसाठी, प्रोजेक्टसाठी, पुढे नोकरीसाठी लिनक्स यायला हवं, हे सीनियर पहिल्याच महिन्यात सांगतात. मग नव्या कोऱ्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचा प्रयत्न होतो.

गंमत म्हणजे जुना लॅपटॉपही अडकतो आणि नवाही. कारणं मात्र वेगळी आहेत.

डिस्क आणि इंस्टॉलरच्या मध्ये कोण असतं?

इंस्टॉलर डिस्कशी थेट बोलत नाही. डिस्क कंट्रोलरला जोडलेली असते. कंट्रोलरची भाषा ड्रायव्हरला कळते. ड्रायव्हर हा लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा भाग असतो. कर्नलला जे दिसतं, तेवढंच इंस्टॉलर तुम्हाला दाखवतो.

नाशिकरोड स्टेशनवर उतरून पंचवटीत जायचं आहे आणि रिक्षावाल्याला रस्ताच माहीत नाही, असं समजा. म्हणून पंचवटी नाहीशी झाली असं कुणी म्हणत नाही. डिस्कचंही तसंच आहे. ती आहे, पण या ड्रायव्हरला तिचा रस्ता माहीत नाही.

पेनड्राइव्ह का दिसतो, याचं उत्तरही यातच आहे. त्याचा रस्ता यूएसबी कंट्रोलरमधून जातो आणि तो ड्रायव्हर जवळपास सगळीकडे असतो. पेनड्राइव्ह दिसतो आणि एसएसडी दिसत नाही, याचा अर्थ इंस्टॉलर ठीक चालतोय, अडचण एसएसडीच्या रस्त्यावर आहे.

रस्ता नेमका कुठे अडतो?

साध्या साटा डिस्कसाठी ‘एएचसीआय’ नावाची सर्वमान्य पद्धत आहे. हल्लीच्या वेगवान एसएसडीसाठी ‘एनव्हीएमई’ आहे. दोन्ही पद्धती उघड आहेत आणि दोन्हीचे ड्रायव्हर लिनक्समध्ये कित्येक वर्षांपासून आहेत. या मोडवर लॅपटॉप असेल तर डिस्क सहसा लगेच दिसते.

पण अनेक कंपन्या लॅपटॉप पाठवताना इंटेलचं ‘रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ म्हणजे आरएसटी सुरू ठेवून पाठवतात. बायोसमध्ये हा मोड बऱ्याचदा ‘रेड’ या नावाने दिसतो. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकच डिस्क असल्यासारखी वापरण्याची पद्धत. लॅपटॉपमध्ये एकच डिस्क असली तरी मोड मात्र हाच. साधारण सहाव्या ते दहाव्या पिढीच्या काही लॅपटॉपमध्ये या मोडवर एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या आड जाते. तिला तिथून बाहेर काढणारा ड्रायव्हर मुख्य लिनक्स कर्नलमध्ये नाही. तसे प्रयत्न झाले, पण इंटेलने आतल्या रचनेची पुरेशी माहिती खुली न केल्यामुळे ते स्वीकारले गेले नाहीत.

अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० नंतर, सर्वसामान्य लॅपटॉपमध्ये ‘व्हीएमडी’ आलं. पूर्ण नाव व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. ही सोय मुळात सर्व्हरसाठीची. यात एनव्हीएमई डिस्क थेट समोर न येता व्हीएमडीच्या मागे उभी राहते. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन जसा आत कोण राहतं हे स्वतःच्या वहीत ठेवतो, तसं. व्हीएमडीचा ड्रायव्हर इंटेलच्याच अभियंत्यांनी लिनक्ससाठी लिहिला आणि तो २०१६ मध्ये कर्नलच्या ४.५ आवृत्तीत आला. त्यामुळे ताज्या आवृत्त्यांत अनेकदा डिस्क विनातक्रार दिसते. पण इंस्टॉलर जुना असेल किंवा त्याच्या सुरुवातीच्या सामानात हा ड्रायव्हर भरलेला नसेल, तर पुन्हा तोच रिकामा चौकोन.

लिनक्सचं नाव कोणतंही असलं तरी हा नियम बदलत नाही. उबंटू, फेडोरा, मिंट किंवा आपल्या सी-डॅकने डेबियनवर बांधलेलं ‘बॉस’, सगळ्यांच्या आत लिनक्सचाच कर्नल आहे. एका नावावर डिस्क दिसत नसताना दुसऱ्यावर दिसली, तर बहुधा कर्नल नवा होता एवढंच कारण असतं.

मग दोष लिनक्सचा का नाही?

कारण विंडोजचंही हेच होतं. व्हीएमडी सुरू असलेल्या लॅपटॉपवर कोऱ्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला घ्या. अनेक मॉडेलांत तिथेही डिस्कची यादी रिकामी येते आणि ‘लोड ड्रायव्हर’ असं बटण दिसतं. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर वेगळा डाउनलोड करून दिला की मगच डिस्क प्रकटते. विकत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये ही अडचण जाणवत नाही, कारण कंपनीने तो ड्रायव्हर आधीच घालून दिलेला असतो.

जगात यावरून वादही झाला आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये लेनोवोच्या योगा ९०० मालिकेतल्या एका मॉडेलवर लिनक्स टाकता येत नाही, अशी ओरड झाली. डिस्क रेड मोडवर होती आणि बायोसमध्ये एएचसीआयचा पर्यायच ठेवलेला नव्हता. आधी लोकांनी मायक्रोसॉफ्टकडे बोट दाखवलं. लिनक्स मुद्दाम अडवलेलं नाही, असं लेनोवोचं म्हणणं होतं. शेवटी कंपनीने लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एएचसीआयचा पर्याय असलेला वेगळा बायोस दिला. म्हणजे हार्डवेअर तेच राहिलं, डिस्क तीच राहिली. मेन्यूमध्ये एक ओळ वाढली आणि प्रश्न सुटला. ती ओळ पहिल्या दिवसापासून का नव्हती, हा खरा प्रश्न आहे.

आधी तपासा, मग हात लावा

डिस्क दिसत नाही म्हणून लगेच काहीही बदलू नका. पुढचे चार टप्पे क्रमाने करा. यात डेटाला धक्का लागत नाही.

१. बायोसमध्ये डिस्क दिसते का? लॅपटॉप सुरू होताना एफ२, डिलीट किंवा एचपीवर एफ१० दाबून बायोस उघडा. कंपनीनुसार बटण बदलतं. तिथे एसएसडीचं नाव दिसत असेल तर ती जिवंत आहे. तिथेच दिसत नसेल तर मात्र सैल बसलेली डिस्क, चुकीचा स्लॉट किंवा खरा बिघाड यांचा विचार करा. एम.२ आकाराच्या एसएसडी साटा आणि एनव्हीएमई अशा दोन प्रकारच्या असतात आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही घेतोच असं नाही.

२. लिनक्स आधी ‘ट्राय’ करून पाहा. थेट इंस्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवा. टर्मिनल उघडून ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्या. रोमन लिपीतली छोटी अक्षरं, मध्ये जागा न सोडता. कर्नलला दिसणाऱ्या सगळ्या डिस्कची यादी येईल. एनव्हीएमई डिस्कचं नाव ‘एनव्हीएमई’नेच सुरू होतं, साटा डिस्कचं ‘एसडी’ने. स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी साठवण ‘एमएमसीबीएलके’ अशा नावाने येते, ती पाहून गोंधळू नका.

३. कंट्रोलर दिसतो का? ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्या. यादीत ‘व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस’ किंवा ‘रेड’ असे शब्द आले आणि एनव्हीएमई कंट्रोलर आला नाही, तर चोर सापडला.

४. कर्नल काय म्हणतो? ‘सुडो डीमेसग’ या आज्ञेने कर्नलचे संदेश दिसतात. जुन्या आरएसटी मोडमध्ये आड गेलेली एनव्हीएमई डिस्क कर्नलच्या लक्षात येते आणि बायोस रेडवरून एएचसीआयवर न्या, असा सल्ला तो तिथेच लिहितो. उबंटूने तर २०.०४ या आवृत्तीपासून आरएसटी सुरू असल्याचं इंस्टॉलरच्या पडद्यावरच सांगायला सुरुवात केली.

दोष व्हीएमडीचा निघाला तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्या लिनक्सची सर्वांत ताजी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन पुन्हा पाहणं. त्याने काम झालं तर बायोसला हात लावायची गरजच नाही.

मोड बदलण्याआधी हे कराच

खरी जोखीम इथे आहे. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल आणि तुम्ही बायोसमध्ये जाऊन मोड थेट बदलला, तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबतं आणि सुरू करायची डिस्क मिळत नसल्याचं सांगतं. आता त्याचा रस्ता चुकलेला असतो. इथे घाबरून अनेक जण ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणतात आणि वर्षभराचा प्रोजेक्ट, दुकानाचे हिशेब, घरचे फोटो एका झटक्यात जातात. खरं तर मोड पूर्वीसारखा केला की विंडोज बहुधा पुन्हा उभं राहतं.

योग्य क्रम असा:

• महत्त्वाच्या सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्या उघडतात का, हेही पाहा.

• विंडोजमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ सुरू आहे का, ते सेटिंगमध्ये तपासा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप सुरू झालेलं असू शकतं. त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर उतरवून घ्या आणि कामापुरतं एन्क्रिप्शन थांबवा. बायोस बदलल्यावर विंडोज ही की मागू शकतं. की नसेल तर तो डेटा दुकानदारही काढून देऊ शकत नाही.

• विंडोजचं बटण आणि ‘आर’ दाबून ‘एमएसकॉन्फिग’ उघडा. ‘बूट’ या टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर खूण करा, ‘मिनिमल’ निवडा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आठवतो ना, याची आधीच खात्री करा.

• रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा. सध्याच्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढा. मग रेडऐवजी एएचसीआय निवडा किंवा व्हीएमडी बंद करा आणि सेव्ह करून बाहेर पडा.

• विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल आणि योग्य ड्रायव्हर उचलेल. पुन्हा ‘एमएसकॉन्फिग’ उघडून खूण काढा, रीस्टार्ट करा. विंडोज नीट चाललं की थांबवलेलं एन्क्रिप्शन पुन्हा सुरू करा आणि मगच लिनक्सकडे वळा.

एक इशारा. मशीनमध्ये खरोखरच दोन डिस्क रेडमध्ये बांधलेल्या असतील किंवा इंटेलची ‘ऑप्टेन’ मेमरी जोडलेली असेल, तर हा बदल घरी करू नका. मोड बदलला की डिस्कची जोडी तुटू शकते.

ऑफिसातला जुना सर्व्हर असेल तर

छोट्या कंपन्यांत वापरलेला सर्व्हर घेऊन त्यावर लिनक्स टाकायची पद्धत आहे. तिथे उलटा अनुभव येतो, म्हणजे जुन्या आवृत्तीला डिस्क दिसते आणि नवीला नाही. रेड हॅटने २०१९ मध्ये आणलेल्या आठव्या आवृत्तीतून कित्येक जुन्या रेड कार्डांचा सपोर्ट काढला. त्याच घराण्यातल्या इतर वितरणांतही ही अडचण येते. ‘ईएलरेपो’ हा स्वयंसेवी प्रकल्प यातल्या अनेक कार्डांसाठी ड्रायव्हर डिस्क पुरवतो. सर्व्हर विकत घेण्याआधी कार्डाचं नाव विचारून घेणं त्याहून स्वस्त पडतं.

आता मुद्दा जबाबदारीचा

कंपन्यांचीही बाजू आहे. सर्व्हरमध्ये व्हीएमडी उपयोगाचं आहे. मशीन चालू असताना डिस्क काढता-घालता येते, रेड बांधता येतं. एकच प्रकारचा बायोस सगळ्या मॉडेलांना लावणं कंपनीला सोयीचं पडतं. पण एकाच एसएसडीच्या लॅपटॉपमध्ये विद्यार्थ्याला या सोयीचा फारसा उपयोग नाही. आणि सोय ठेवायचीच असेल तर ती बंद करण्याचा पर्याय सरळ समोर असावा. एसरच्या काही मॉडेलांत हा पर्याय बायोसमध्ये कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबल्याशिवाय दिसतच नाही. ज्याला ही जोडी ठाऊक, त्याचं काम दोन मिनिटांत. ज्याला नाही, तो डिस्क बदलायला निघतो.

‘लिनक्स वापरणारे असतात तरी किती?’ असा प्रश्न हमखास येतो. पण विंडोज नव्याने टाकणाऱ्यालाही याच रिकाम्या चौकोनापुढे थांबावं लागतं. त्यामुळे हा मूठभर हौशी लोकांचा विषय नाही. ज्याने पैसे मोजले, त्या प्रत्येकाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक, किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला देतो. बायोसमधला मोड त्यात बसतो की नाही, हे वकील सांगतील. पण खोक्यावर रॅम आणि एसएसडीचे आकडे मोठ्या अक्षरांत छापता येतात, तर ‘स्टोरेज मोड: व्हीएमडी सुरू, बायोसमधून बंद करता येतो’ ही एक ओळ छापायला काय हरकत आहे?

दुकानदारांकडूनही फार मोठी अपेक्षा नाही. कॅनडा कॉर्नर असो की एम. जी. रोड, लॅपटॉप दुरुस्तीला आला की फॉरमॅटच्या आधी तीन प्रश्न विचारायचे: बॅकअप आहे का, बिटलॉकरची की आहे का, बायोसमधला मोड कोणता? ही सवय लागली तर कित्येकांचा डेटा वाचेल. ग्राहकानेही हेच तीन प्रश्न स्वतःहून विचारावेत.

आणि महाविद्यालयं. मी स्वतः अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे, म्हणून हे जरा जोर देऊन सांगावंसं वाटतं. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पेज रिप्लेसमेंट आणि राउंड रॉबिन शेड्युलिंगचे प्रोग्राम लिहितो, व्हायवामध्ये ‘डिव्हाइस ड्रायव्हर’ची व्याख्या धडाधड सांगतो. पण स्वतःच्या लॅपटॉपमध्ये कोणता ड्रायव्हर कोणत्या कंट्रोलरशी बोलतोय, हे त्याने पाहिलेलं असेलच असं नाही. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात एक प्रॅक्टिकल फक्त याला द्या: बायोस उघडा, कंट्रोलर ओळखा, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा, यादी वहीत उतरवा. खर्च शून्य. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. त्यांना ही एका तासाची जोड मिळाली, तर वर्षभर ‘सर, डिस्कच दिसत नाही’ हे ऐकावं लागणार नाही.

तोवर ज्याच्या पडद्यावर आज तो रिकामा चौकोन आला आहे, त्याने एवढंच करावं. स्क्रू काढू नये, नवी डिस्क मागवू नये, फॉरमॅटला होकार देऊ नये. आधी बायोसमध्ये डिस्कचं नाव शोधावं, मग मोड कोणता आहे ते पाहावं. नाव तिथे असेल तर डिस्क शाबूत आहे आणि पुढचं काम बॅकअपपासून सुरू होतं.